देश ‘उच्च उत्पन्न’ गटात कधी जातो? १३,९३५ डॉलरच्या रेषेचा हिशेब

जागतिक बँकेच्या जुलै २०२५ च्या यादीत कोस्टा रिका ‘उच्च उत्पन्न’ गटात आहे, चीन नाही. रशिया आहे, मलेशिया नाही. भारत त्याच्याही एक पायरी खाली, ‘निम्न-मध्यम’ गटात. आणि तरी एकूण जीडीपीच्या हिशेबात आपण तेव्हा जगातल्या पहिल्या पाचांत होतो. बातम्या वाचून माणूस गोंधळतो, पण यात विसंगती काही नाही. एक आकडा घराच्या एकूण कमाईचा आहे, दुसरा माणशी कमाईचा.

ही यादी वॉशिंग्टनमध्ये बनते म्हणून तिचा कोल्हापूरशी संबंध नाही असं समजू नये. शिरोली, गोकुळ शिरगावातून युरोपला कास्टिंग (धातूचे ओतीव भाग) पाठवणाऱ्याला किंवा इचलकरंजीहून कापड पाठवणाऱ्याला पुढच्या दहाएक वर्षांत या वर्गवारीची झळ बसू शकते. कशी, ते शेवटी येईल. आधी यादी बनते कशी ते बघू.

चार गट, एक आकडा

दरवर्षी १ जुलैला जागतिक बँक देशांची चार गटांत विभागणी जाहीर करते. कसोटी एकच: माणशी स्थूल राष्ट्रीय उत्पन्न, म्हणजे जीएनआय, अमेरिकन डॉलरमध्ये. जुलै २०२५ च्या यादीसाठी २०२४ चे आकडे धरले. १,१३५ डॉलरपर्यंत निम्न उत्पन्न, १,१३६ ते ४,४९५ निम्न-मध्यम, ४,४९६ ते १३,९३५ उच्च-मध्यम आणि त्याच्या वर उच्च. भारताचा आकडा २,६५० च्या आसपास. चीन १३,६०० च्या पुढे, म्हणजे दारात उभा.

साक्षरता, आयुर्मान, विषमता, रस्ते, दवाखाने यांतलं काहीही या कसोटीत नाही. हा दोष आहे, पण जाणूनबुजून पत्करलेला. कसोट्या वाढवल्या की प्रत्येक कसोटीला किती वजन द्यायचं यावरून भांडणं सुरू होतात.

रेषेचा अर्थ कसा घ्यायचा? राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ फुटांवर धोका पातळी. पाणी ४२ फूट १० इंचांवर असलं म्हणून कुणी निर्धास्त झोपत नाही, पण यंत्रणेला कुठला तरी आकडा धरूनच कामाला लागावं लागतं. उत्पन्नाच्या रेषांचंही तसंच. फरक एवढाच, की बंधाऱ्यावरची पट्टी जागची हलत नाही आणि ही दरवर्षी हलते.

या रेषा १९८० च्या दशकाच्या अखेरीस आखल्या. उच्च उत्पन्नाची रेषा १९८७ च्या किमतींना ६,००० डॉलर धरली होती. तेव्हापासून तिच्यात भर पडते ती केवळ आंतरराष्ट्रीय महागाईची. श्रीमंत देश आणखी श्रीमंत झाले म्हणून रेषा वर सरकत नाही. अमेरिकेचं माणशी उत्पन्न आज ८० हजार डॉलरच्या वर आहे, म्हणजे त्याच्या सहाव्या हिश्श्याला पोचलेला देशही ‘उच्च उत्पन्न’ ठरतो. ‘विकसित’ या शब्दातून लोकांच्या डोळ्यांसमोर जे येतं त्या मानाने ही पायरी बरीच खाली आहे, हे मनात पक्कं ठेवावं.

रेषा कधी खालीही येते. २०२३ च्या आकड्यांसाठी ती १४,००५ होती, २०२४ साठी १३,९३५. महागाई मोजायला बँक विशेष आहरण अधिकारांचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या पाच चलनांवर आधारलेल्या एसडीआरचा निर्देशांक वापरते. त्यात अमेरिका, युरो क्षेत्र, चीन, जपान आणि ब्रिटन यांच्या किमती डॉलरमध्ये एकत्र केलेल्या असतात. डॉलर वधारला की बाकीच्यांच्या किमती डॉलरमध्ये उतरतात आणि रेषाही थोडी खाली सरकते.

जीडीपी नव्हे, जीएनआय

देशाच्या हद्दीत जे पिकलं-बनलं ते जीडीपी. त्यात देशातल्या रहिवाशांना बाहेरून मिळालेला पगार, व्याज, नफा, लाभांश मिळवायचा आणि बाहेरच्यांना इथून गेलेला वजा करायचा, की जीएनआय. बऱ्याच देशांत दोन्हींत फारसा फरक पडत नाही. आयर्लंडमध्ये पडतो. बड्या परदेशी कंपन्यांनी आपली पेटंटं आणि मालमत्ता कागदोपत्री तिथे हलवल्यामुळे २०१५ साली आयर्लंडच्या जीडीपीत एका वर्षात २६ टक्के वाढ दिसली. कारखाने तेवढे वाढले नव्हते, की पगारही. शेवटी तिथल्या सांख्यिकी कार्यालयाला सुधारित जीएनआय नावाचं वेगळं माप काढावं लागलं.

इथे एक चूक हमखास होते. दुबई-मस्कतला वर्षानुवर्षं राहून नोकरी करणारा घरी जे पैसे पाठवतो ते जीएनआयमध्ये धरले जातात, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. वर्षभराहून जास्त काळ बाहेर राहणारा माणूस हिशेबाच्या दृष्टीने तिथला रहिवासी. त्याचा पगार त्या देशाच्या उत्पन्नात जातो आणि घरी आलेली रक्कम ‘हस्तांतरण’ ठरते. थोड्या महिन्यांसाठी जाऊन आलेल्याचा पगार मात्र जीएनआयमध्ये येतो.

दुसरा गोंधळ आपल्याच सरकारी आकड्यांमुळे होतो. आपल्याकडे ‘दरडोई उत्पन्न’ म्हणून छापलं जातं ते बहुधा निव्वळ राष्ट्रीय उत्पन्न असतं, म्हणजे यंत्रं-इमारतींचा घसारा वजा केलेलं. २०२४-२५ साठी चालू किमतींना ते दोन लाख रुपयांच्या थोडं वर होतं. त्याला सरळ डॉलरच्या दराने भागलं तर चोवीसशेच्या आसपास उत्तर येतं आणि बँकेच्या आकड्याशी जुळत नाही. आकडेमोड बरोबर असते, माप वेगळं असतं.

डॉलरमध्ये बदल करताना

खरी मेख इथे आहे. रुपये, रिंगिट, पेसो डॉलरमध्ये कसे बदलायचे? नुसता त्या वर्षीचा दर धरला तर चलनाला एखादा झटका बसला की देश रातोरात ‘गरीब’ होईल. म्हणून बँक अ‍ॅटलास पद्धत वापरते. त्या वर्षाचा आणि आधीच्या दोन वर्षांचा असे तीन सरासरी दर घ्यायचे. आधीचे दोन्ही दर देशातली महागाई आणि आंतरराष्ट्रीय महागाई यांच्या फरकाने दुरुस्त करायचे. मग तिन्हींची सरासरी.

एक काल्पनिक देश घेऊन करून बघू. डॉलरचा दर दोन वर्षांपूर्वी ८०, गेल्या वर्षी ८४ आणि यंदा चलन कोसळून १००. देशातली महागाई दरवर्षी ६ टक्के, आंतरराष्ट्रीय २ टक्के. गेल्या वर्षीचा दुरुस्त दर ८४ गुणिले १.०६ भागिले १.०२, म्हणजे ८७.२९. त्याच्या आधीच्या वर्षासाठी हीच दुरुस्ती दोनदा करायची: ८६.४०. तिन्हींची सरासरी ९१.२३. माणशी उत्पन्न त्यांच्या चलनात १० लाख असेल तर बाजारभावाने १०,००० डॉलर होतात, अ‍ॅटलासने १०,९६१. जवळजवळ हजार डॉलरचा फरक.

पण हा धक्का टळत नाही, लांबतो. दर पुढची दोन वर्षं शंभरवर राहिला तर जुने स्वस्त दर सरासरीतून एकेक करून बाहेर पडतात आणि घसरण पूर्ण उतरते. म्हणून चलनाचं संकट एका वर्षी आणि देशाचा गट बदलणं एक-दोन वर्षांनी, असं होऊ शकतं.

क्रयशक्ती समतेचा आकडा हा तिसराच. कोल्हापुरात शंभर रुपयांत जेवढं पोट भरतं तेवढं न्यूयॉर्कमध्ये त्याच्या डॉलरमध्ये भरत नाही, हा फरक त्यात धरलेला असतो. त्या मापाने भारताचं माणशी उत्पन्न दहा हजार डॉलरच्या वर जातं. राहणीमानाची तुलना करायला हेच माप बरं. पण गट ठरवताना ते वापरत नाहीत. एखाद्या भाषणात क्रयशक्तीचा आकडा १३,९३५ च्या शेजारी ठेवलेला दिसला तर सरळ दुर्लक्ष करावं.

यादी एकदा लागली की पुढच्या ३० जूनपर्यंत तीच. मध्येच एखाद्या देशाने आकडे सुधारले तरी गट पुढच्या जुलैपर्यंत बदलत नाही.

मोजणीच बदलली तर

२०१४ मध्ये नायजेरियाने जीडीपीचं आधारवर्ष, म्हणजे ज्या वर्षाच्या किमती आणि उद्योगरचना धरून मोजणी होते ते वर्ष, बदललं आणि अर्थव्यवस्था एका फटक्यात ८९ टक्क्यांनी मोठी दिसली. मोबाइल, चित्रपट, सेवा हे उद्योग जुन्या हिशेबात नीट धरलेच नव्हते. घानाने २०१० मध्ये हेच केलं, जीडीपी सुमारे ६० टक्क्यांनी वाढला आणि देश निम्न-मध्यम गटात गेला. आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी घानातला माणूस तेवढंच कमावत होता. याला लबाडी म्हणता येणार नाही. जुनी मोजणीच अपुरी होती. पण ‘या देशाने झेप घेतली’ असं वाचलं की ती झेप बाजारातली की तक्त्यातली, हे आधी बघावं.

भागाकारात खालचा आकडा लोकसंख्येचा. आपली शेवटची जनगणना २०११ ची. त्यानंतरचे माणशी आकडे अंदाजित लोकसंख्येवर उभे आहेत. वरच्या आकड्यातही असंघटित कामाचा अंदाजच असतो: नोंदणीकृत कारखान्याचे आकडे वार्षिक उद्योग पाहणीतून येतात, पण शेडमध्ये चार यंत्रमाग टाकून जॉबवर्क करणाऱ्याचं उत्पादन नमुना पाहणीवरूनच ठरवावं लागतं. त्यामुळे एखादा देश रेषेच्या शंभर-दोनशे डॉलर वर आहे की खाली, यावर फार रान उठवण्यात अर्थ नाही.

रेषा ओलांडली, पण कशाच्या जोरावर?

वर्गवारी एका दिवसाचं छायाचित्र देते. देश तिथे टिकेल का, हे तो कशाच्या जोरावर आला त्यावरून कळतं.

तेलाच्या जोरावर येणारे सर्वांत झटपट येतात. गयानामध्ये २०१९ च्या डिसेंबरात समुद्रातलं तेल निघायला लागलं. २०२२ मध्ये जीडीपी ६० टक्क्यांहून जास्त वाढला. जुलै २०२३ च्या यादीत देश उच्च उत्पन्न गटात. इक्वेटोरियल गिनीचं उदाहरण आणखी बोलकं आहे. तेलामुळे तो देश २००७ च्या आकड्यांवर उच्च उत्पन्न ठरला, पण त्याच वेळी संयुक्त राष्ट्रांच्या ‘अल्पविकसित देशां’च्या यादीतही होता. त्या यादीत उत्पन्नाबरोबर आरोग्य-शिक्षणाचा आणि अर्थव्यवस्थेच्या नाजूकपणाचाही निर्देशांक असतो. एक संस्था श्रीमंत म्हणते, दुसरी अल्पविकसित, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर. तेलाचे भाव पडल्यावर २०१५ च्या आकड्यांवर तो पुन्हा उच्च-मध्यम गटात उतरला.

रशिया जुलै २०२४ मध्ये वर गेला. २०२३ मधल्या वाढीमागे लष्करी कामांचा मोठा हात होता, हे जागतिक बँकेनेच नमूद केलं आहे. तोफगोळेही उत्पादनच, हिशेब त्यांना वेगळं काढत नाही.

अर्जेंटिनाचा जिना चढ-उतार बघण्यासारखा: २०१४ च्या आकड्यांवर वर, मग खाली, २०१७ च्या आकड्यांवर पुन्हा वर, २०१८ च्या आकड्यांवर पुन्हा खाली. महागाई आणि पेसोची घसरण. श्रीलंका जुलै २०१९ मध्ये उच्च-मध्यम झाला आणि वर्षभरात परत उतरला. कर्जसंकट त्यानंतरचं.

मलेशिया १९९२ पासून उच्च-मध्यम गटात आहे. १९९१ मध्ये पंतप्रधान महाथीर यांनी २०२० पर्यंत विकसित देश होण्याचं ध्येय जाहीर केलं होतं. इलेक्ट्रॉनिक्स, पाम तेल, चांगली बंदरं, सगळं आहे. तरी २०२५ च्या यादीत तो रेषेखालीच होता. यात उत्पादकतेचा भाग आहेच, पण चलनाचाही आहे. २०१४ च्या मध्यात डॉलरला सव्वातीनच्या आसपास असलेला रिंगिट २०१६ पर्यंत चाराच्या वर गेला. देशांतर्गत उत्पन्न वाढत राहिलं आणि डॉलरमधला आकडा रेंगाळला.

टिकून राहिलेल्यांत दक्षिण कोरिया आणि पोलंड. कोरियासुद्धा सरळ गेला नाही: १९९५ मध्ये वर, १९९७-९८ च्या आशियाई संकटात वॉन कोसळल्यावर १९९८ मध्ये खाली, २००१ मध्ये परत वर. मात्र तिथे उतरले ते डॉलरमधले आकडे. जहाजबांधणी, सेमीकंडक्टर, मोटारी बनवायचं कसब जागेवर होतं, म्हणून तीन वर्षांत सावरले. पोलंड २००४ मध्ये युरोपियन संघात गेला आणि २००९ मध्ये उच्च उत्पन्न गटात.

१९९० पासून मध्यम गटातून वर गेलेले देश चौतीस. त्यांतल्या एक तृतीयांशाहून अधिकांना युरोपियन संघाचं सदस्यत्व किंवा नव्याने सापडलेलं तेल यांचा हात मिळाला. ही दोन्ही आपल्याला उपलब्ध नाहीत.

मधेच अडकणं

‘मध्यम उत्पन्नाचा सापळा’, म्हणजे देश मध्यम गटात पोचतो आणि तिथेच अडकून राहतो, ही कल्पना २००७ मध्ये अर्थतज्ज्ञ इंदरमित गिल आणि होमी खरास यांनी मांडली. जागतिक बँकेच्या २०२४ च्या जागतिक विकास अहवालात तिचे तीन टप्पे सांगितले आहेत: आधी गुंतवणूक, मग बाहेरचं तंत्रज्ञान देशभर मुरवणं, मग नवनिर्मिती. तिन्ही एकदम नव्हे, एकावर एक.

कोल्हापूरच्या फाउंड्री पट्ट्यात हे टप्पे शेजारी-शेजारी बघायला मिळतात. कोकवर चालणारी क्युपोला भट्टी काढून इंडक्शन फर्नेस बसवणं, मोल्डिंग मशीन वाढवणं, दुसरी पाळी सुरू करणं, ही गुंतवणूक. टनेज वाढतं, कामगार लागतात, पण कास्टिंग किलोच्या भावाने जातं. पिग आयर्न, स्क्रॅप किंवा विजेचा दर चढला की मार्जिन गेलं. दुसऱ्या टप्प्यात हाय-प्रेशर मोल्डिंग लाइन येते, ओतण्याआधी संगणकावर सिम्युलेशन करून पोरॉसिटी (धातूत राहणारी बारीक छिद्रं) कुठे धरेल ते बघतात, वाळूतला ओलावा पाळीगणिक तपासतात, व्हीएमसीवर (संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर) मशिनिंग करून भाग थेट असेंब्लीला लावण्याजोगा देतात. आता भाव नगावर ठरतो आणि त्याच लोखंडाचे पैसे जास्त येतात. तिसऱ्या टप्प्यात ग्राहकाच्या ड्रॉइंगवर काम न करता भागाचं डिझाइनच आपलं. तिथे पोचलेले मोजके. उद्यमनगरात ऑइल इंजिनं बनत तेव्हा इंजिन संपूर्ण इथलंच असायचं. नंतर वाहन कंपन्यांचे सुटे भाग करण्यात स्थिर धंदा मिळाला आणि डिझाइनची सवय मागे पडली, असं म्हणायला जागा आहे.

देश अडकतो तो पहिल्या टप्प्याची चाकोरी न सोडल्याने. भांडवल ओतून मिळणारी वाढ सुरुवातीला भरघोस असते, पुढे प्रत्येक जादा भट्टीमागे कमी मिळत जातं. उलट चूकही होते: मधला टप्पा न पचवता सरळ नवनिर्मितीच्या घोषणा. कोरिया आज जीडीपीच्या पाच टक्क्यांच्या आसपास संशोधनावर खर्च करतो, भारत ०.६४ टक्के. पण कोरियाने आधी कित्येक वर्षं परवाने विकत घेऊन दुसऱ्यांचं तंत्र गिरवलं, हे विसरून चालत नाही.

भारताचा हिशेब आणि निर्यातदाराचा

२,६५० वरून १३,९३५, म्हणजे सव्वापाच पट. रेषा महागाईने सरकत राहणार, म्हणून वाढ महागाई वगळून आणि माणशी धरायची. माणशी ५ टक्क्यांनी ३४ वर्षं लागतात, ६ टक्क्यांनी साधारण साडेअठ्ठावीस. २०४७ पर्यंत गाठायचं तर २३ वर्षं सलग साडेसात टक्के हवेत. लोकसंख्येची वाढ वर मिळवली तर जीडीपी त्याहून जास्त वेगाने वाढायला हवा. रुपया महागाईच्या मानाने वधारला तर काम हलकं होईल, घसरला तर जड. २०४७ चा चालू किमतींतला अंदाजित आकडा आजच्या रेषेशी ताडून ‘पोचलो’ म्हणणारे तक्ते फिरत असतात. त्यांत आपल्या बाजूची महागाई मोजलेली असते, रेषेची नाही.

त्याआधीची पायरी, ४,४९५ ची, माणशी ६ टक्क्यांनी सुमारे नऊ वर्षांवर आहे. निर्यातदाराला लागणारी रेषा हीच. युरोपियन संघ विकसनशील देशांच्या मालाला जकातीत सवलत देतो, जीएसपी नावाने. सलग तीन वर्षं उच्च-मध्यम किंवा त्यावरच्या गटात राहिलेला देश त्या सवलतीतून बाहेर पडतो. चीन आणि थायलंड २०१५ पासून असेच बाहेर गेले. अमेरिकेची जीएसपी वेगळी होती, तिची मुदत २०२० च्या अखेरीस संपली: तिथे सक्तीने बाहेर काढत ते उच्च उत्पन्न गटात गेल्यावर. भारताला तिथून जून २०१९ मध्ये काढलं, पण ते उत्पन्नामुळे नव्हे, अमेरिकन मालाला बाजार खुला न करण्याच्या वादातून.

म्हणजे गट बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी काही होत नाही, तीन वर्षांची मुदत मिळते. तेवढ्यात आपल्या मालाच्या एचएस कोडवर (जकातीसाठी मालाला दिलेल्या आंतरराष्ट्रीय क्रमांकावर) सवलत नसताना किती जकात लागते ते काढून ठेवावं. काही मालगटांत निर्यात जास्त झाल्यामुळे सवलत त्याआधीच बंद झालेली असते, तेही तपासावं. व्यापार करार लागू असेल तर दर त्या करारातले, आणि त्यात उत्पन्नगटाचा प्रश्न येत नाही. मूळ देशाचा दाखला मात्र त्या कराराच्या नियमाने काढावा लागतो, जीएसपीचा चालत नाही.